घरच्या गॅरेजमध्ये बांधलेले १९२० चे इंजिन ताशी २९५ किमीपर्यंत कसे पोहोचले? कोण होते बर्ट मन्रो?

मालगुंड, गणपतीपुळे, जयगड… कोकणात कुठेही फिरा, एखाद्या पडवीत ताडपत्रीखाली जुनी राजदूत, येझदी नाहीतर बुलेट हमखास दिसते. आजोबांची किंवा काकांची. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस खाऊन टाकी गंजलेली, किक जाम. ती पुन्हा चालू करायची म्हटले की पहिली अडचण सुट्या भागांची. पिस्टन मिळत नाही, रिंगा मिळत नाहीत, मिळाल्या तर मापात बसत नाहीत. मग गाडी परत ताडपत्रीखाली जाते.

न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला राहणाऱ्या एका माणसाची अडचण हीच होती. त्याने पार्ट शोधणे सोडले आणि ते घरीच ओतायला सुरुवात केली. १९२० मध्ये विकत घेतलेली एकच मोटारसायकल तो जवळपास ५० वर्षे खोलत आणि बांधत राहिला. वयाच्या ६८ व्या वर्षी त्याच गाडीवर त्याने विश्वविक्रम केला. त्याचे नाव बर्ट मन्रो.

‘इंडियन’ म्हणजे भारतीय नव्हे

मन्रो यांच्यावर २००५ मध्ये ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट आला. अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो साकारले. नाव वाचून आपल्याकडे अनेकांना हा कुणा भारतीयाचा पराक्रम वाटतो. तसे नाही. इंडियन हे अमेरिकी मोटारसायकल कंपनीचे नाव. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे १९०१ मध्ये ही कंपनी सुरू झाली आणि १९५३ मध्ये तिथले उत्पादन बंद पडले. म्हणजे मन्रो यांनी पहिला विश्वविक्रम केला तेव्हा त्यांची गाडी बनवणारा मूळ कारखाना बंद होऊन नऊ वर्षे झाली होती. आपल्याकडे येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यानंतर येझदीवाल्यांची जी पंचाईत झाली, तीच ही.

शेतावरचा मुलगा

हर्बर्ट जेम्स मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ चा. त्यांच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. इन्व्हरकार्गिल शहराजवळच्या एडनडेल इथे वडिलांची शेती होती. मुलाने शेतीच करावी, बाहेरच्या जगाचा नाद करू नये, असे वडिलांचे मत. मुलगा मात्र घरातला सर्वांत वेगवान घोडा शेतातून भरधाव पळवायचा आणि बोलणी खायचा. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाऊन जग पाहायचा बेत होता, पण युद्ध संपले तरी तो शेतावरच होता.

त्यांना सगळे ‘बर्ट’ म्हणत. या नावाचे इंग्रजी स्पेलिंग पुढे एका अमेरिकी मोटारसायकल मासिकाने चुकीचे छापले. मन्रो यांना ती चूक आवडली असावी, कारण त्यांनी तेच स्पेलिंग स्वतःसाठी कायम केले.

मूळ गाडी कशी होती?

१९२० मध्ये त्यांनी ‘इंडियन स्काउट’ घेतली. त्या मॉडेलची कारखान्यातून बाहेर पडलेली ही ६२७ वी गाडी. सुमारे ६०० सीसीचे, इंग्रजी ‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर असलेले इंजिन. कमाल वेग ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटरच्या आसपास. आजची साधी १०० सीसीची गाडीही जवळपास तेवढी पळते. पण १९२० च्या रस्त्यांवर हा वेग भरपूर होता.

मन्रो यांना तो पुरला नाही. १९२६ पासून त्यांनी इंजिनला हात घालायला सुरुवात केली. जगभर मंदी आली त्या काळात त्यांनी मोटारसायकली विकण्याची आणि दुरुस्त करण्याची नोकरी धरली. दिवसा दुकान आणि रात्री स्वतःची गाडी. शर्यतींसाठी इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी बीच होताच. ओहोटीनंतर मालगुंडची ओली वाळू जशी पायाखाली घट्ट लागते, तशीच घट्ट वाळू, पण तिथे ती २५ किलोमीटरहून जास्त लांब सरळ पसरलेली. सरळ रेषेत वेग मोजायचा तर याहून स्वस्त ट्रॅक नाही. (आपल्याकडच्या किनाऱ्यावर हा प्रयोग करू नये. भरतीत अडकलेली गाडी काढायला क्रेन आणि गावकरी दोन्ही लागतात, हे कोकणात दर हंगामात दिसते.)

घरी इंजिन बांधले म्हणजे नेमके काय केले?

खरी गंमत इथे आहे.

इंजिनमधून जास्त ताकद काढायची तर ढोबळमानाने तीन वाटा आहेत. जास्त हवा-पेट्रोल आत घ्यायचे, ते जास्त दाबायचे आणि दर मिनिटाला जास्त फेरे मारायचे. यातली कुठलीही वाट धरली तरी कारखान्याचे मूळ भाग त्या ताणाला पुरत नाहीत. मन्रो यांनी तिन्ही धरल्या. त्यामुळे एक-एक करून मूळ इंजिनमधले बहुतेक सगळे आतले भाग बदलावे लागले आणि ते विकत घ्यायला पैसे नव्हते.

स्काउटचे मूळ इंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ प्रकारचे होते. म्हणजे हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला असतात. हे बनवायला सोपे आणि टिकाऊ, पण आत येणाऱ्या हवेला वळण घेऊन यावे लागते आणि ज्वलनाची जागा पसरट होते. अशा इंजिनात दाब वाढवायला फारसा वाव राहत नाही. मन्रो यांनी व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले. वाचायला एक ओळ, पण त्यासाठी नवे हेड, ते बसवायला वेगळे सिलिंडर आणि व्हॉल्व्ह उघडणारी नवी यंत्रणा लागते. मूळ इंजिनात दोन कॅमवर चार व्हॉल्व्हचे काम भागवलेले होते. त्यांनी चार कॅम बसवले. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र कॅम मिळाला की तो कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे एकेकाचे वेगळे ठरवता येते. जास्त फेऱ्यांवर इंजिनला नीट श्वास घेता येतो तो या वेळेच्या हिशोबामुळे.

सिलिंडरसाठी त्यांनी जमिनीतून काढलेले गॅसचे जुने ओतीव लोखंडी पाइप वापरले. जुन्या ओतीव लोखंडात वर्षानुवर्षांत जे काही वाकायचे-ताणायचे असते ते होऊन गेलेले असते, त्यामुळे ते मापाला स्थिर राहते. भंगारातले सामान म्हणून हसण्यासारखी ही निवड नव्हती.

पिस्टन त्यांनी घरी ओतले, साच्यासाठी डबेही वापरले. ॲल्युमिनियम वितळवायला साधारण ६६० अंश सेल्सियस तापमान लागते. घरगुती भट्टीत ते गाठता येते. अवघड भाग पुढचा असतो. ओतताना हवेचा एक बुडबुडा आत राहिला तर तिथेच पिस्टन फुटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. शिवाय ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट फुगते. ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन २०० अंशांनी तापला तर सुमारे ०.३ मिलिमीटर वाढतो, लोखंडी सिलिंडर त्याच्या निम्मा. म्हणजे गाडी थंड असताना पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात नेमकी फट सोडावी लागते. फट कमी पडली तर इंजिन गरम होताच पिस्टन अडकतो, ज्याला गॅरेजमध्ये इंजिन सीज झाले म्हणतात. जास्त सोडली तर दाब गळतो आणि धूर येतो. ताशी २०० किलोमीटरवर पिस्टन अडकला तर मागचे चाक जागच्या जागी थांबते. पुढे काय होते ते सांगायला नको.

ही फट मोजायला मायक्रोमीटर हवा. मन्रो मापाला चाकाची जुनी तार वापरायचे, आपण सायकलचा आरा म्हणतो ती. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासून ठोकळा काटकोनात आणताना ज्यांचे हात सुजले आहेत, त्यांना याची किंमत कळेल.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, कनेक्टिंग रॉड, हा इंजिनचा सर्वांत छळ सोसणारा भाग. प्रत्येक फेऱ्यात तो एकदा दाबला जातो, एकदा ओढला जातो. मिनिटाला हजारो वेळा. कमजोर पोलाद असेल तर तो तुटून क्रँककेस फोडून बाहेर येतो. मन्रो यांनी हे रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून हाताने कोरून काढले. ट्रॅक्टरचा ॲक्सल आयुष्यभर पिळवटला जाण्यासाठीच बनवलेला असतो, तेव्हा पोलाद चांगले असणारच, हा साधा विचार. फ्लायव्हीलही घरचीच. ताकद मागच्या चाकापर्यंत नेण्यासाठी तिहेरी चेन बसवली. इंजिन मोठे होत होत शेवटी ९५० सीसीवर गेले. म्हणजे मूळ आकाराच्या दीडपटीहून जास्त.

हे सगळे पहिल्या फटक्यात जमले असे समजू नका. पिस्टन फुटत, रॉड तुटत, व्हॉल्व्ह वाकत. फुटलेले भाग टाकून न देता मन्रो ते गॅरेजमधल्या फळीवर मांडून ठेवत. त्या फळीवर त्यांनी लिहिले होते की ही वेगाच्या देवाला वाहिलेली दक्षिणा आहे. नवा भाग बनवण्याआधी जुना कुठून तुटला हे पाहायला मिळत होते, हा त्या फळीचा व्यावहारिक उपयोग. नापास झालेल्या नमुन्यांची अशी मांडणी चांगल्या प्रयोगशाळेतही करतात.

१९३६ च्या एका व्हेलोसेट मोटारसायकलवरही त्यांनी असेच प्रयोग केले. ती कहाणी वेगळी आणि तितकीच लांब.

वेग तिप्पट करायला ताकद तिप्पट पुरत नाही का?

नाही. ८८ वरून २९५ म्हणजे वेग सुमारे ३.३ पट. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध कापत पुढे जायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. ३.३४ चा घन केला की साधारण ३७ येतात. म्हणजे गाडीचा आकार तोच ठेवला तर जवळपास ३७ पट ताकद हवी. हाताने ओतलेले पिस्टन कितीही चांगले असले तरी हे होणे नाही.

म्हणून मन्रो यांनी गाडीला माशासारखे निमुळते फायबर ग्लासचे कवच घातले. स्वार त्यात जवळजवळ पालथा झोपतो. हवा अंगावर आपटण्याऐवजी कवचावरून सरकून जाते आणि लागणारी ताकद एकदम खाली येते. या कवचाचा तोटा असा की बाजूने वारा आला किंवा वजनाचा तोल थोडा चुकला की गाडी डुलायला लागते. तो तोटा मन्रो यांना पुढे जवळून पाहायला मिळाला.

घराचे काय झाले?

मन्रो यांनी १९२७ मध्ये फ्लॉरेन्स बेरिल मार्टिन यांच्याशी लग्न केले. चार मुले झाली. दिवसा नोकरी आणि रात्रभर इंजिन, असे वर्षानुवर्षे चालले. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. त्याच सुमारास मन्रो यांनी नोकरी सोडली आणि ते गॅरेजमध्येच राहायला गेले. तिथेच पलंग, तिथेच लेथ, तिथेच दोन मोटारसायकली. चित्रपटात हा एकटा म्हातारा मोठा गोड वाटतो. पण चित्रपटात दिसतात ते त्यांच्या साठीनंतरचे दिवस. त्याआधीची २० वर्षे संसाराची होती. ती पडद्यावर येत नाहीत, आणि त्या वर्षांचा हिशोब बेरिल यांच्या बाजूने कुणी मांडलेला नाही. नादिष्ट माणसांच्या चरित्रांत हे पान बहुधा कोरेच असते.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना हृदयाचा त्रास सुरू झाला. छातीत कळा यायच्या. या वयात आणि या प्रकृतीत वेगाच्या शर्यती थांबवण्याचा सल्ला कुणीही दिला असता. मन्रो यांनी अमेरिकेची तयारी सुरू केली.

मिठाचे मैदान का निवडले?

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनविले सॉल्ट फ्लॅट्स नावाचा भाग आहे. आटलेल्या प्राचीन सरोवराचे मैलोन्‌मैल सपाट, पांढरे मीठ. मिठागरातल्या वाफ्यासारखे, पण टणक आणि क्षितिजापर्यंत. वाहनांचे वेगाचे विक्रम इथे होतात. मन्रो १९५७ मध्ये तिथे नुसते पाहायला गेले होते. एकंदर दहा वेळा ते बॉनविलेला गेले, त्यातल्या नऊ वेळा गाडी पळवायला.

इथे ट्यूनिंगचा आणखी एक प्रश्न येतो. इन्व्हरकार्गिल समुद्राकाठी, तर बॉनविले समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर. तिथली हवा सुमारे १२ टक्के विरळ. हवा कमी आणि पेट्रोल तेवढेच गेले तर मिश्रण जाड होते आणि ताकद घटते. त्यामुळे कार्बोरेटरचे जेट तिथल्या हवेला जुळवून घ्यावे लागते. जुन्या बुलेटवरून थेट महाबळेश्वरचा घाट चढलेल्यांना गाडी वर गेल्यावर कशी घुसमटते ते आठवत असेल. दुसरीकडे, विरळ हवेचा विरोधही कमी, हा फायदा.

१९६२ मध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी मन्रो गाडी जहाजावर चढवून अमेरिकेला गेले. लॉस एंजेलिसमध्ये एक जुनी मोटार घेतली, मागे गाडी जोडली आणि बॉनविले गाठले. तिथे कळले की स्पर्धेसाठी आधी नाव नोंदवावे लागते. ते त्यांनी केलेच नव्हते. ओळखीच्या अमेरिकी मोटारसायकलस्वारांनी, त्यांतले काही स्वतः स्पर्धक, आयोजकांशी बोलून त्यांना उतरवले. ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या इंजिनवर त्यांनी ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला.

१९६६ मध्ये १,००० सीसी गटात ताशी २७० किलोमीटर. पुढच्या वर्षी, इंजिन ९५० सीसीचे झाल्यावर, ताशी २९५.४५ किलोमीटर.

असा विक्रम धरताना एकाच दिशेची धाव चालत नाही. वाऱ्याचा फायदा मिळू नये म्हणून उलटसुलट दोन धावा घेऊन सरासरी काढतात. त्यामुळे पात्रतेच्या एका धावेत त्यांनी गाठलेला ताशी ३०५.९ किलोमीटरचा वेग विक्रमात धरला गेला नाही. एका धावेत गाडी ताशी ३३१ किलोमीटरपर्यंत गेल्याचीही नोंद आहे, पण ती अनधिकृत.

१९६७ मध्येच मिठावर एका धावेत अर्ध्याहून जास्त अंतर गेल्यावर गाडी डुलायला लागली. वेग कमी करावा म्हणून मन्रो उठून ताठ बसले, तसा वाऱ्याने गॉगल उडवून नेला. डोळ्यांवर वाऱ्याचा एवढा मारा झाला की काहीच दिसेना. गाडी आखलेल्या रेषेपासून दूर भरकटली आणि पोलादी खुंटाला धडकता धडकता वाचली. शेवटी त्यांनी ती आडवी पाडली. थोडे खरचटले. त्या वर्षी त्यांचे वय ६८ होते आणि गाडीचे ४७.

चित्रपटात किती खरे?

बराचसा भाव खरा, तपशील सैल. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन मन्रो यांना प्रत्यक्ष ओळखत होते. १९७१ मध्ये त्यांनी मन्रो यांच्यावर माहितीपट केला होता, त्याचे नाव त्या फळीवरच्या मजकुरावरूनच ठेवलेले. चित्रपटात मात्र मन्रो पहिल्याच फेरीत ताशी २०० मैलांपलीकडे जातात. प्रत्यक्षात १९६२ चा विक्रम ताशी १७९ मैलांच्या आतला. मधली वर्षे, मोडतोड आणि पुन्हा पुन्हा केलेल्या समुद्रपार फेऱ्या दोन तासांत बसवायच्या म्हणजे असे होणारच. पण गॅरेजमध्ये ज्यांना रस आहे, त्यांच्यासाठी गाळलेली वर्षेच जास्त कामाची.

गाडी आज कुठे आहे?

१९७७ मध्ये मन्रो यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही आणि तारेने फट मोजणारे हात थांबले. दोन्ही मोटारसायकली परिसरातच राहाव्यात म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलच्या नॉर्मन हेज या हार्डवेअर व्यापाऱ्याला विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची स्काउट हेज यांच्या दुकानात, पाने-पक्कड आणि खिळ्या-स्क्रूंच्या कपाटांसोबत, लोकांना पाहायला ठेवली आहे. २००६ मध्ये अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने त्यांचा सन्मानयादीत समावेश केला. त्याच वर्षापासून इन्व्हरकार्गिल परिसरात त्यांच्या नावाने मोटारसायकल स्पर्धांचा मेळा भरू लागला, आणि त्यातली एक शर्यत ओरेटी बीचवर होते.

१९६७ च्या विक्रमाचा आकडा तेव्हापासून ताशी १८३.५८६ मैल असाच छापला जात होता. मन्रो यांचे पुत्र जॉन यांना जुने कागद पाहताना सरासरीच्या गणितात चूक दिसली. त्यांनी ती संघटनेला कळवली. २०१४ मध्ये, मन्रो यांच्या निधनानंतर ३६ वर्षांनी, विक्रम दुरुस्त होऊन १८४.०८७ मैल झाला. म्हणजे ताशी २९६ किलोमीटरहून थोडा जास्त.